डोह कोणाला ठाऊक होता?

कर्नल साइक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी १८२४ नंतर काही वर्षे दख्खन हिंडला. पुणे, अहमदनगर, धारवाड आणि खानदेश या चार कलेक्टरी मुलखांतली जमीन, पिके, पाऊस, माणसे यांची मोजदाद त्याने केली, आणि त्याच ओघात पुण्याच्या बाजूच्या नद्यांतले मासेही टिपले. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध १८४० च्या सुमारास लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाने छापला. ही यादी आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिली असेल. पण ती पाहण्यासारखी आहे. खुद्री, कोलस, मुसुल्ला, टाकरी, शिंगटी, घोगरा ही नावे आजही जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत त्या त्या माशाचे शास्त्रीय नाव म्हणून छापली जातात. ही नावे लॅटिन नाहीत. मुळा-मुठेच्या आणि भीमेच्या काठावर जाळे टाकणाऱ्या माणसांच्या तोंडचे हे शब्द आहेत. साइक्सने ते ऐकले, इंग्रजी कानाला जमले तसे लिहिले आणि त्यापुढे आपले नाव जोडले. शास्त्राची रीतच तशी आहे, तीत त्याचा एकट्याचा दोष नाही.

परंतु त्याच यादीत दोन दांडगे शिकारी मासे आहेत. दोघेही बिनखवल्याचे, मोठ्या तोंडाचे, नदीच्या जोरदार पाण्यात राहणारे. त्यांच्या बाबतीत मात्र स्थानिक नाव साइक्सला पुरेसे वाटले नाही. एकाला त्याने ब्रिटिश म्युझियममधल्या जॉन जॉर्ज चिल्ड्रन या गृहस्थाचे नाव दिले आणि दुसऱ्याला लंडनच्या विल्यम यारेल या निसर्गअभ्यासकाचे. लहानसहान मासे मराठी राहिले आणि डोहाचे राजे साहेबांच्या दोस्तांच्या नावावर चढले. ज्या माणसाने तो मासा कोणत्या कपारीतून ओढून काढला त्याचे नाव कोठेच नाही. तो भोई होता की कोळी, हेही नाही.

मला या लेखात विचारायचा आहे तो प्रश्न वरवर पाहता शिकारी माणसाचा प्रश्न आहे. दुसऱ्या माशांना खाऊन जगणारा मोठा मासा नदीत नेमका कोठे सापडतो? गळ टाकून बसणाऱ्या शौकिनांनी या प्रश्नावर पुस्तकेच्या पुस्तके लिहिली आहेत. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सुलिव्हान थॉमस याचे हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवरचे पुस्तक १८७३ साली निघाले आणि पुढे पन्नास वर्षे ते साहेबलोकांचे धर्मपुस्तकच होऊन बसले. परंतु हा प्रश्न इतिहासाचाही आहे, असे माझे म्हणणे आहे. मासा कोठे आहे हे कोणाला ठाऊक होते, ते कोणी लिहिले, आणि ज्याला ठाऊक होते त्यालाच पुढे पाण्याकाठी उभे राहण्याची बंदी कशी झाली, हा तो इतिहास होय. खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात, तो डोळ्यांना दिसण्याइतका उघडा आहे.

माझे आजोबा गिरणाकाठच्या एका गावचे येसकर होते. महार वतनाच्या कामांची यादी आपल्या वाचकांना पाठ आहे, ती पुन्हा देत नाही. तिच्यातली दोनच कामे इथे महत्त्वाची. एक, गावात आलेल्या अंमलदाराला वाट दाखवणे, त्याचे ओझे पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवणे. दुसरे, शिवेचा वाद उठला की शीव कोठून जाते ते सांगणे. शीव पुष्कळ ठिकाणी नदीच्याच पात्रातून जाते. म्हणजे ज्याला शीव पाठ, त्याला पात्र पाठ. कोणत्या साली पुराने धार कोणीकडे सरकली, कोणता डोह भरला, कोणता नवा पडला, हे सगळे त्याला पाठ. अंमलदार शिकारीचा षोकी निघाला तर त्याला डोहावर नेणारा माणूस हाच. साहेबांच्या पुस्तकांतून 'स्थानिक वाटाड्या' म्हणून जो अनाम माणूस वावरतो तो आमच्याकडे बहुधा महार असे, सातपुड्याच्या अंगाला भिल्ल असे. भिल्ल पलटण उभारायला १८२५ साली खानदेशात आलेला औट्रम भिल्लांच्या जवळ गेला तो शिकारीच्याच वाटेने. त्या शिकारीत पुढे चालणारे, माग काढणारे डोळे कोणाचे होते ते निराळे सांगायला नको.

आता त्या ज्ञानाकडे वळू. ते काय होते हे न सांगता 'आमच्या पूर्वजांना ज्ञान होते' असे म्हणणे म्हणजे पोकळ अभिमान मिरवणे होय, आणि तसल्या अभिमानाचा आपल्याला उबग यायला हवा.

आजोबा अहिराणीत म्हणत, "मासा कोठे से ते पानी सांगस." यात गूढ काही नाही. मोठा मासा धारेच्या तोंडी उभा राहत नाही. तिथे ताकद फुकट जाते. तो धारेच्या शेजारच्या संथ पाण्यात, मोठ्या खडकाच्या आड, वेगवान आणि मंद पाणी जिथे एकमेकांना घासून जाते त्या रेषेवर असतो. धारेबरोबर वाहत येणारी बारकी मासळी, किडे, झिंगे त्याच्या तोंडासमोरून जातात आणि त्याला फक्त वळावे लागते. म्हणून आधी मोठा मासा शोधायचा नाही, आधी बारकी मासळी शोधायची. ती पाण्यावर एकदम फुटून उडाली की खाली कोणीतरी आहे. बगळा आणि खंड्या जिथे रोज बसतात ती जागा पाहून ठेवायची. नाला नदीला मिळतो ते तोंड, दोन नद्यांच्या संगमावर गढूळ आणि निवळ पाण्याची उभी रेघ, बांधावरून पडणाऱ्या पाण्याने पायथ्याशी पोखरलेला खड्डा, या ठरलेल्या जागा. पांझरेवर फड पद्धतीचे बंधारे कित्येक शतकांचे आहेत. फडाचा इतिहास लिहिणारे पाटकरी आणि हवालदार यांच्याबद्दल लिहितात, पाण्याच्या समान वाटपाबद्दल लिहितात, आणि ते योग्यच आहे. पण बंधाऱ्याखालच्या खड्ड्यात कोणाची चूल शिजत होती हे कोणी लिहीत नाही. शेत नसलेल्याला फडाचे पाणी नव्हते. त्याच्या वाट्याला त्या पाण्याखालचा खड्डा होता.

माशामाशाची रीत निराळी. खडस, ज्याला सगळे जग आता महासीर म्हणते, तो खडकाळ तळाचा, वाहत्या निवळ पाण्याचा. सातपुड्यातून उतरणाऱ्या अनेर, अरुणावती, गोमाई यांसारख्या नद्यांचे वरचे खळाळ आणि तापीचे खडकाळ टप्पे ही त्याची घरे. तो निव्वळ शिकारी नव्हे. काठच्या उंबराचे फळ पाण्यात पडले तरी घेतो. म्हणून उंबराखालचा डोह. शिवडा याच्या अगदी उलट. तोंड कानापर्यंत फाटलेले, डोळे बारीक, मिशा लांब. दिवसा खोल गढूळ पाण्यात, काठ पोखरलेल्या बिळाच्या अंधारात पडून राहतो आणि रात्री उथळावर येऊन शिकार करतो. पहिल्या पुराचे तांबडे पाणी आले की तो काठच्या भरलेल्या नाल्यांत, बुडालेल्या गवतात शिरतो. शिंगाळा तळाचा मासा. वाळूचा उथळ पट्टा जिथे एकदम खोल पाण्यात उतरतो त्या उतारावर त्याला हुडकायचे. वाम दगडांच्या फटीत. मरळ वाहत्या पाण्याला पाठ दाखवते. ती साचलेल्या, वनस्पती माजलेल्या कडेच्या पाण्यात असते. तिला हवा घ्यायला वर यावेच लागते, कारण नुसत्या कल्ल्यांवर तिचे भागत नाही. म्हणून लव्हाळ्याशेजारी पाण्यावर एक संथ वर्तुळ उठले आणि बुडबुडे सुटले की तिथे मरळ. पावसाळ्यात पाण्यावर बारीक पिल्लांचा पुंजका फिरताना दिसला तर आईबाप त्याच्याखाली राखण करीत असतात. त्या दिवसांत आजोबा मरळीला हात लावत नसत. हा नियम त्यांना कोणत्या खात्याने शिकवला नव्हता.

खानदेशचा उन्हाळा ही या ज्ञानाची खरी परीक्षा. तापी सोडली तर मे महिन्यात आमच्या बहुतेक नद्या म्हणजे वाळू आणि अधूनमधून डोह. सगळी नदी जणू त्या डोहांत येऊन दडते. पाणी तापते, त्यातला प्राणवायू उतरतो, आणि मासा सावलीच्या कडेला, झऱ्याच्या तोंडाशी, खोलातल्या गार थरात जातो. डोह आटत चालला की मासे एकामागून एक मरतात, आणि हवेवर जगणारी मरळ शेवटपर्यंत चिखलात टिकते. अशा शेवटच्या डोहांवर दुष्काळात माणसे जगली आहेत.

इथे एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. आमच्या गावात पाणी भरण्याची वरची जागा गावाची आणि खालची महारवाड्याची. नदीकाठच्या गावांत ही सर्रास रीत. वरचे पाणी उथळ, निवळ, पायऱ्यांचे. खालचे खोल, गढूळ, धोक्याचे. त्या खालच्या पाण्यात बुडून मेलेली पोरे महारवाड्याची असत. शिवड्याचा डोहही तोच होता. आमचे ज्ञान आम्हाला हौसेने मिळाले नाही, विटाळाने मिळाले. कोणी त्याला 'निसर्गाशी एकरूप जीवन' वगैरे म्हणू लागला तर त्याला त्या डोहाच्या काठी नेऊन उभे करावे.

आणि देवाचे मासे? महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. वरदायिनी देवीचा म्हणून तिथले महासीर कोणी मारीत नाही, लोक त्यांना खाऊ घालतात, मासे हातापाशी येतात. माशांच्या दृष्टीने ही उत्तम गोष्ट. आज अभ्यासक अशा डोहांना संरक्षणाचा नमुना मानतात आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण त्याच महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह पाणी पिण्यासाठी जावे लागले, आणि न्यायालयातला शेवटचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. ज्या तालुक्यात डोहातल्या माशाला देवीचे अभय होते, त्याच तालुक्यात माणसाला तळ्याच्या पाण्याची मनाई होती. या दोन गोष्टी एकाच नकाशावर मांडून पाहिल्याखेरीज आपल्या पर्यावरणाचा इतिहास पुरा होणार नाही.

आता कायद्याकडे येतो. थॉमस आणि हिंदुस्थानभर माशांची पाहणी करणारा फ्रान्सिस डे, या दोघांनीही १८७० च्या आगेमागे सरकारपुढे एक तक्रार मांडली. देशी लोक बारीक जाळ्यांनी पिल्ले उपसतात, विष घालतात, मासे संपत चालले आहेत, ही ती तक्रार. तिच्यात तथ्य होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. वनस्पतींचे विष पाण्यात कालवून मासे गुंगवण्याची चाल भिल्लांत होती. गेळफळ, हिंगणाचे फळ कुटून आटत्या डोहात टाकीत. मासा वर येई, हाताने धरीत. पण ही चाल बहुतेक उन्हाळ्यातल्या सुट्या डोहांतली, जिथले मासे एरवीही मरायचेच. वाहत्या नदीत असले विष पसरून निकामी होते. तक्रार करणाऱ्यांपैकी एकजण स्वतः गळाचा षोकी होता, आणि त्याला जो मासा उद्या गळाला हवा होता तोच आज भिल्लाच्या टोपलीत जात होता, हेही विसरता येत नाही.

१८७८ च्या जंगल कायद्याने राखीव जंगलात मासे मारणे, पाण्यात विष घालणे हे जंगल खात्याच्या नियमाखाली आले. १९२७ च्या कायद्याने तेच पुढे चालवले. १८९७ च्या मत्स्य कायद्याने सुरुंग आणि विष यांनी मासे मारणे सर्वत्र गुन्हा ठरवले. सुरुंग आणि गेळफळ एकाच तागडीत! सुरुंगाची दारू भिल्लाच्या झोपडीत तयार होत नव्हती. ती रस्ते, रेल्वे आणि खाणी यांच्या कंत्राटांबरोबर नदीवर आली. त्याच सुमाराला १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि १९११ साली तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. ज्या माणसाला हजेरी लागली त्याला रात्र बंद झाली. शिवडा तर रात्रीच काठाला येतो. अंधारात नदीवर सापडलेला माणूस गळ टाकायला आला आहे की चोरी करायला, हे ठरवणारा पोलीस होता. मोठ्या माशाच्या जागा आणि वेळा एवढ्या नेमक्या असतात की तेवढीच जागा आणि तेवढीच वेळ काढून घेतली तर माशाला बंदी करण्याची वेगळी गरज उरत नाही.

याहून विलक्षण गोष्ट स्वातंत्र्यानंतरची आहे. तळ्यात कटला, रोहू, मृगळ यांची पिल्ले सोडून मत्स्यशेती करायची तर आधी मरळ, शिवडा हे शिकारी मासे काढून टाकावे लागतात, नाहीतर ते पिल्ले फस्त करतात. मग यावर उपाय कोणता? सरकारी मत्स्यशास्त्राची पुस्तके सांगतात, मोहाची पेंड टाका. एक मीटर खोल पाण्याला हेक्टरी सुमारे अडीच हजार किलो. पेंडीतल्या सॅपोनिनने माशाचे रक्त बिघडते, मासा मरतो, काही दिवसांनी विषाचा अंमल जातो आणि पेंड खत म्हणून उरते. भिल्लाने पाण्यात कालवले तर गुन्हा, खात्याने कालवले तर शास्त्र. मी या शास्त्राला नावे ठेवीत नाही, ते उपयोगाचे आहे. फक्त कोणत्याही पुस्तकात वनस्पतीच्या विषाने मासा मरतो हे आदिवासींना आधी ठाऊक होते असे एक वाक्य असावे, इतकेच.

आणि हे शिकारी मासे आता 'नको असलेले' ठरले. साहेबाच्या काळात जो मासा फोटोत मिरवला, तो सहकारी मत्स्यव्यवसायाच्या हिशेबात शत्रू झाला. गरिबाच्या ताटात मात्र तो नेहमीच होता. मरळ चिवट, पाण्याबाहेर तासन् तास जिवंत राहते, म्हणून बर्फ नसलेल्या काळातही डोक्यावरच्या टोपलीतून आठवड्याच्या बाजारापर्यंत ताजी पोचे. भोईवाड्यातल्या बायकांचा संसार या चिवटपणावर चालला.

धरणांनी सगळा नकाशाच फिरवला. गिरणा धरण १९६९ चे, तापीवरचे उकाई १९७२ चे, हतनूर १९८२ चे. पुढे सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथे बॅरेज झाले. नदीचे मासे सरोवराचे झाले. वाहत्या पाण्याचा खडस मागे सरला. अंडी घालायला वर चढणारा मासा भिंतीला येऊन अडला. शिवडा, शिंगाळा यांनी मात्र नव्या पाण्यात जागा शोधल्या: बुडालेल्या नाल्याचे जुने पात्र, बुडालेल्या गावच्या विहिरी आणि भिंती, पाण्याखालचे बाभळीचे बुंधे. आज तिथे जाळे कोठे टाकावे हे कोणाला ठाऊक असते? जो त्या बुडालेल्या गावात राहत होता त्याला. म्हणजे विस्थापिताच्या डोक्यात जलाशयाचा सर्वांत अचूक नकाशा असतो. पण मासेमारीचा हक्क कागदावर मिळतो, ठेक्याने, संस्थेच्या नोंदणीने, अनामत रकमेने. मध्य प्रदेशात तवा धरणाच्या विस्थापित आदिवासींनी लढून १९९६ साली मासेमारीचा हक्क आपल्या संघाकडे घेतला आणि दहा वर्षे धरण चालवून दाखवले. २००६ च्या अखेरीस तो करार संपला. तवा ही नर्मदेची उपनदी. नर्मदा आपल्या अक्कलकुवा आणि अक्राणीच्या शिवेवरून वाहते, तेव्हा हे उदाहरण दूरचे नाही.

गिरणेच्या खालच्या पात्रात दुसरेच संकट आले. वाळू. बांधकामाला वाळू लागते आणि गिरणेची वाळू चांगली. वाळू उपसली की पाण्याचा उतार बदलतो, शिंगाळ्याचा तो उथळाकडून खोलाकडे जाणारा काठ जातो, काठ ढासळून शिवड्याची बिळे बुजतात. खड्डे राहतात, पण ते डोह नव्हेत. झरा नाही, सावली नाही, एका उन्हाळ्यात आटतात. त्यांत चिलापी तेवढी तगते, ती परदेशातून १९५२ साली आलेली.

नोकरीतून मोकळा झाल्यावर मी शाळेतल्या मुलांना घेऊन गिरणाकाठच्या डोहांची नावे लिहून घेऊ लागलो. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहितो: तिथे कोणता मासा होता, तो नेमका कोठे उभा असे, आणि त्या जागेवर कोणाची वहिवाट होती. तिसऱ्या रकान्यावरून गावात कुरबुर होते. पहिल्या दोन्हीबद्दल सगळे आनंदाने सांगतात. तिसरे विचारले की पाटीलवाडा म्हणतो नदी सगळ्यांची होती, आणि भोईवाडा व आमची वस्ती गप्प बसते. मग परत निघताना कोणीतरी म्हातारे माणूस नाल्यापर्यंत सोडायला येते आणि तिथे सांगते. मागच्या वैशाखात अशाच एका भोई आजींनी मला काठावर थांबवले आणि काठीने वाळूवर रेघ ओढून दाखवली: इथवर त्यांचे, इथून आमचे, आणि शिवडा या बाजूला, त्या पडलेल्या उंबराच्या मुळाशी. तिथे आता मुरूम टाकलेली ट्रॅक्टरची वाट आहे. मुलांनी नाव लिहिले, रेघ लिहिली, उंबराचे झाडही लिहिले. एका मुलीने विचारले, उंबर पडले कधी? आजी म्हणाल्या, ज्या साली वतन गेले त्याच्या दुसऱ्या पुरात. आम्ही वहीत १९६० च्या आसपास असे लिहिले आहे. वतने खालसा करणारा कायदा १९५८ चा.